चरबी घरातच उतरवायची, पण कोणत्या व्यायामाने?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई लंगडत दवाखान्यात आल्या. वय 46. उजवा गुडघा टम्म सुजलेला, दोन्ही पोटऱ्या दगडासारख्या घट्ट. कुठे पडलात का, असे विचारले तर म्हणाल्या, "पडले नाही डॉक्टर, व्यायाम केला. तुम्हीच सांगितला होता."

मी नेमका कोणता व्यायाम सांगितला होता, ते मला काही आठवेना. मग त्यांनी सारा प्रकार सांगितला. मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला होता. त्यात एक सडपातळ मुलगी गाण्याच्या ठेक्यावर उड्या मारते, खाली वाकते, पुन्हा उडी मारते. 'पंधरा दिवसांत पोट सपाट' असे वर लिहिलेले. बाईंनी शहाबादी फरशीवर, अनवाणी, त्या मुलीच्या बरोबरीने आठ दिवस उड्या मारल्या. नवव्या दिवशी जिना उतरता येईना.

कंपाउंडरला त्यांचे जुने केसपेपर काढायला सांगितले आणि ते चाळताना माझेच तोंड उतरले. सहा वर्षांत सहा ठिकाणी, माझ्याच अक्षरात, 'वजन कमी करणे, व्यायाम' असे लिहिलेले. पहिल्या कागदावर वजन 61 किलो, शेवटच्या कागदावर 68. म्हणजे सल्ला सहा वेळा आणि वजन सात किलोंनी जास्त! गोळी लिहून देताना मी तिचे नाव, ताकद, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे सगळे लिहितो. व्यायामाच्या बाबतीत मात्र एक शब्द खरडून मोकळा होत होतो. उरलेले बाई त्या मोबाइलमधल्या मुलीकडून शिकल्या, यात त्यांची काय चूक?

त्या दिवशी तपासलेली त्यांची उपाशीपोटीची साखर 112 आली. ती 100 च्या आत असावी लागते आणि 126 किंवा त्याहून वर गेली की आम्ही मधुमेह म्हणतो. बाई मधल्या उंबरठ्यावर उभ्या होत्या. त्यांच्या आईला मधुमेह होता. पायाच्या जखमेकडे दुर्लक्ष झाले, आधी अंगठा काढावा लागला आणि मग पाऊल. ते सगळे बाईंनी इस्पितळात आईच्या उशाशी बसून पाहिलेले. त्या काही बोलल्या नाहीत, पण रिपोर्टाच्या कागदाची त्यांनी चार वेळा घडी घातली आणि चार वेळा उलगडली.

"मला फिरायला जा म्हणू नका," त्या शेवटी म्हणाल्या. "सकाळी अंधारात कुत्री मागे लागतात, मग डबे आणि शाळा. संध्याकाळी निघाले तर दर दहा पावलांवर एक पालक उभा राहून मुलाच्या मार्कांचे विचारतो. घरातच जमेल असे काही तरी सांगा. पण या खेपेला नीट सांगा."

आजचा लेख त्या 'नीट सांगा'साठी आहे. वाचकांपैकी अनेक भगिनींची, दुकानावर बसणाऱ्यांची आणि निवृत्त मंडळींची अडचण थोड्याफार फरकाने हीच असते.

प्रथम टेप घ्या. वजनकाट्यापेक्षा मला पोटाचा घेर जास्त महत्त्वाचा वाटतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर, टेप जमिनीला समांतर धरून घेर मोजायचा. साडीची गाठ किंवा पँटचा पट्टा येतो तिथे नव्हे. पुष्कळ पुरुष पट्टा पोटाखाली बांधतात आणि 'माझी कंबर वीस वर्षे 34 च आहे' असे अभिमानाने सांगतात! आपल्याकडच्या पुरुषांत 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. बाईंचा घेर 94 भरला.

आपल्याकडच्या म्हणून वेगळा उल्लेख का केला, ते सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली होती. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक आपण काढतो, तो दोघांचाही अगदी सारखा, 22.3 होता. पण मोजणी केल्यावर साहेबांच्या शरीरात चरबी निघाली 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात 21.2 टक्के! दिसायला दोघेही सडपातळ. आपल्या लोकांत स्नायू कमी आणि चरबी जास्त, त्यातही ती पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात साठण्याची प्रवृत्ती अधिक. ही आतली चरबी नुसती साठून राहत नाही. इन्सुलिनच्या कामात ती अडथळा आणते, रक्तातली चरबी वाढवते, रक्तदाब चढवते. कातडीखाली चिमटीत येणारी चरबी त्या मानाने गरीब. तेव्हा काट्यावर वजन ठीक आहे म्हणून पोट सुटलेल्या माणसाने निश्चिंत राहू नये.

आता बाईंचा पहिला प्रश्न. "पोटाचे व्यायाम केले की पोटाचीच चरबी जाते ना?" नाही जात. हा गैरसमज इतका पक्का आहे की तो काढायला मला औषध देण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. चरबी ही कुपीत ठेवलेल्या तेलासारखी पेशींत साठलेली असते. व्यायाम सुरू झाला की शरीरात काही संप्रेरके वाढतात, त्यांच्या हुकमाने साऱ्या अंगातल्या चरबीपेशी थोडी थोडी चरबी रक्तात सोडतात, आणि रक्त ती काम करणाऱ्या स्नायूपर्यंत नेते. पोटाचा स्नायू शेजारच्या पेशीतून परस्पर उचल घेत नाही. 1971 साली टेनिस खेळाडूंचे दोन्ही दंड मोजून पाहिले गेले. ज्या हाताने ते वर्षानुवर्षे खेळत होते, तो हात जाड होता, कारण त्याचा स्नायू वाढलेला होता. पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांत सारखाच निघाला. उताणे पडून शंभर वेळा उठल्याने पोटाचे स्नायू बळकट होतील, ते चांगलेच आहे. मात्र त्यावरचे पांघरूण तेवढ्याने पातळ होत नाही.

दुसरा गैरसमज घामाचा. घाम आला म्हणजे चरबी वितळली, असे समजून काही तरुण प्लॅस्टिकचे जाकीट घालून, पंखा बंद करून व्यायाम करतात. घामातून पाणी आणि मीठ जाते, आणि दोन तांबे पाणी प्यायले की ते वजन परत येते. आमच्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत तर हा उद्योग जिवावर बेतू शकतो. मग चरबी जाते कुठून? बहुतेक वाचकांना आश्चर्य वाटेल, पण ती जाते नाकातोंडातून. दहा किलो चरबी पूर्ण जळली, तर तिच्यापैकी सुमारे 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासावाटे बाहेर पडते आणि बाकीच्या 1.6 किलोचे पाणी होते. हा हिशेब 2014 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला होता. म्हणून पंखा लावून खुशाल व्यायाम करा. घाम किती आला याला महत्त्व नाही. मोठे स्नायू सलग काम करीत राहिले का आणि श्वास वाढला का, एवढेच पाहायचे. मुद्दाम जोराने श्वास ओढून काही होत नाही, चक्कर मात्र येते.

श्वास आणि नाडी वाढवणाऱ्या या सलग व्यायामाला हल्ली सगळेच 'कार्डिओ' म्हणतात. आपण दमसासाचा व्यायाम म्हणू. तो किती जोराने करावा, यासाठी 220 मधून वय वजा करून नाडीचे गणित मांडण्याची पद्धत आहे. पण ते गणित ढोबळ आहे, आणि रक्तदाबासाठी एटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल तर मुळीच लागू पडत नाही, कारण त्या गोळ्या नाडीला वाढूच देत नाहीत. त्यापेक्षा बोलून पाहणे सोपे. व्यायाम करताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. आमच्या बाईंनी यात स्वतःची भर घातली. त्या व्यायाम करताना सातचा पाढा म्हणतात. अख्खा पाढा एका दमात झाला तर गती कमी आहे. 'सात त्रिक एकवीस'ला श्वास घ्यावा लागला तर गती योग्य. आणि 'सात दुणे' म्हणतानाच धाप लागली तर हळू करायचे. गेले काही महिने मी हा पाढा सर्वांना लिहून देतो आहे. ज्यांना सातचा येत नाही त्यांनी पाचचा म्हणावा.

आता मुख्य प्रश्न, व्यायाम निवडायचा कोणता.

दोरीच्या उड्यांपासून सुरुवात करू, कारण सर्वांना वाटते तोच चरबीचा कर्दनकाळ. ते खोटेही नाही. 68 किलो वजनाच्या माणसाने दहा मिनिटे सलग दोरी मारली तर साधारण 120 ते 130 कॅलरी खर्च होतात. तेवढाच खर्च जागच्या जागी जोमाने पावले टाकली तर व्हायला अर्धा तास लागतो. पण चाळिशी उलटलेला, वजन वाढलेला, पंचवीस वर्षांत एकही उडी न मारलेला माणूस दहा मिनिटे सलग दोरी मारू शकतो का? दोन मिनिटांत तो खुर्चीत बसतो. वर पुन्हा उडीतून खाली येताना गुडघ्यावर आणि घोट्यावर वजनाच्या कितीतरी पट भार येतो. पंचविशीतल्या, सांधे निरोगी असलेल्या तरुणांनी दोरी जरूर मारावी. पायात बूट असावेत, उडी इंचभरच असावी, टाच टेकवू नये, आणि स्लॅबच्या घरात असाल तर खालच्या बिऱ्हाडाला विचारून! ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी आधी ते उतरवावे आणि मग दोरीला हात लावावा. पुष्कळजण उलटा क्रम धरतात आणि आमच्याकडे येतात.

पायरी चढउतार हा माझा आवडता व्यायाम. त्याला इतिहासही मोठा आहे. लंडनमध्ये प्रा. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांचा अभ्यास करून 1953 साली तो प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढून-उतरून तिकिटे फाडणार. हृदयविकार कंडक्टरांत कमी आढळला. पुढे 1956 साली याच मंडळींनी या नोकरांना मिळणाऱ्या गणवेशाची मापे तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी निघाली. शिंप्याच्या वहीतून वैद्यकशास्त्र शिकायला मिळते ते असे. घरी संपूर्ण जिना चढायची गरज नाही. ओट्याची सहा-सात इंचांची एक पक्की पायरी पुरे. उजवा पाय वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. एक-दोन मिनिटांनी सुरुवातीचा पाय बदलायचा. भिंतीचा किंवा कठड्याचा आधार हाताशी असावा. पायरी नाही म्हणून जेवणाचा पाट मात्र घेऊ नका. तो सरकतो. पाटावरून पडून मनगट मोडलेल्या एका गृहस्थांना मी स्वतः प्लॅस्टरसाठी पाठवले आहे. गुडघे मुळातच दुखत असतील तर चढण्यापेक्षा उतरताना त्रास जास्त होतो, अशांनी पायरीच्या वाटेला जाऊ नये.

सूर्यनमस्काराविषयी विचारणारी पत्रे या सदराला नेहमी येतात. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर नमस्कारांचा प्रसार केला आणि संस्थानातल्या शाळांतून ते घालून घेतले, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. नमस्कार उत्तमच. पण प्रत्येक स्थितीत थांबून, डोळे मिटून, संथपणे घातलेले बारा नमस्कार हा अंग मोकळे करण्याचा व्यायाम झाला. मिनिटाला तीन-चार या गतीने दहा-पंधरा मिनिटे घातले की तो दमसासाचा होतो, आणि शिवाय हात-खांद्यांना ताकद देतो. ते फिरण्याने मिळत नाही. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांना काचबिंदू आहे किंवा मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला आहे, त्यांनी मात्र डोके खाली जाणारे व्यायाम डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

जागेवर बसवलेली सायकल गुडघ्यांना सोसते आणि पावसाळ्यात सोयीची पडते. मात्र घेण्यापूर्वी आपल्या गल्लीत कोणाकडे टॉवेल वाळत घालायला वापरली जाणारी एखादी आहे का पाहा, आणि ती महिनाभर उसनी आणा. कंबरेला बांधायच्या थरथरणाऱ्या पट्ट्यावर पैसे घालवू नका. थरथरतो तो पट्टा, आपले स्नायू नव्हे.

ज्यांना उभे राहणेही कठीण, त्यांच्यासाठी खुर्ची आहे. हात नसलेल्या पक्क्या खुर्चीत ताठ बसून पावले आळीपाळीने उचलायची, जणू बसल्या बसल्या चालतो आहोत, आणि हात खांद्याच्या वर नेऊन खाली आणायचे. करून पाहिल्याशिवाय याला हसू नका. पाच मिनिटांत पाढा अडखळू लागतो.

बाईंना मी जागच्या जागी पावले टाकणे सुचवले. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर काही उत्साह दिसेना. हे असे कंटाळवाणे प्रकरण पंधरा दिवसांच्या पुढे जात नाही, हा माझाही अनुभव आहे. मग मी त्यांना विचारले, "बाई, तुम्हाला आधीपासून काय येते?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "लेझीम. प्रजासत्ताक दिनाला माझ्याच मुली असतात दरवर्षी."

मला सांगायला लाज वाटत नाही, हे मला सुचले नसते. लेझमीत पाय सतत चालू, हात वर-खाली, कंबर वाकते, आणि ठेका असल्याने माणूस थांबत नाही. उड्यांचे प्रकार आणि पूर्ण खाली बसणे वगळले, तर गुडघ्याला धोका फारसा नाही. फुगडी, झिम्मा हेही याच जातीचे खेळ. मंगळागौरीला रात्रभर खेळणाऱ्या आमच्या आया-मावश्यांना कार्डिओ हा शब्द माहीत नव्हता इतकेच. (फुगडी मात्र चक्कर येणाऱ्यांनी आणि ठिसूळ हाडांच्या आजींनी घालू नये.) व्यायाम निवडताना म्हणूनच माझा पहिला प्रश्न हल्ली हाच असतो, की तुम्हाला काय येते आणि काय आवडते. चरबीच्या दृष्टीने पाहिले तर पाढा सारखाच अडखळत असेल तेव्हा लेझीम, पायरी, सायकल आणि नमस्कार यांत फारसे डावे-उजवे नाही. सहा महिन्यांनंतरही जो चालू राहील, तोच सर्वांत चांगला.

गुडघ्याची सूज उतरायला तीन आठवडे गेले. त्यानंतर या खेपेला केसपेपरवर मी असे लिहिले: लेझमीची पावले, उड्या न मारता, दहा मिनिटे सकाळी आणि दहा मिनिटे रात्रीच्या जेवणाआधी, आठवड्यातून पाच दिवस. सुरुवातीची दोन मिनिटे सावकाश, शेवटची दोन मिनिटे सावकाश, एकदम थांबायचे नाही. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवायची. कॅनव्हासचे बूट घालूनच. घरात चपला-बूट चालत नाहीत असे त्या म्हणाल्या, तेव्हा घरात वापरायचा एक वेगळा जोड घ्यायला सांगितले. मधुमेह असलेल्यांना तर हे मी हात जोडून सांगतो. बधिर पायाने फरशीवर अनवाणी व्यायाम करू नका, आणि झोपण्यापूर्वी तळवे पाहा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, किंवा 75 ते 150 मिनिटे जोराचा. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटे तरी सलग हवीत असे मानत असत. ती अट आता राहिलेली नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत केलेली पावलेही हिशेबात धरतात. त्याखेरीज आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा, म्हणजे खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीवर हात टेकून जोर काढणे. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि आपल्याकडे स्नायू मुळात कमी, हे वर याज्ञिक डॉक्टरांच्या उदाहरणात आलेच आहे.

आता थोडा हिशेब, कारण इथे पुष्कळांची निराशा होते. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. अर्ध्या तासाच्या व्यायामात खर्च झाले सुमारे 130. आठवड्यातून पाच दिवस केले तर 650. म्हणजे नुसत्या व्यायामाने एक किलो उतरायला कागदावर बारा आठवडे लागतात. आणि व्यायाम झाला म्हणून समाधानाने मूठभर खारे शेंगदाणे तोंडात टाकले, तर पंचवीस ग्रॅमला 140 कॅलरी. अर्धा तास पाण्यात! म्हणून बाईंच्या ताटाकडे वळावेच लागले. उपास मी करू दिले नाहीत. शाळेत आणि घरी मिळून त्या चार कप चहा घेत, प्रत्येकी दोन चमचे साखर. ती अर्ध्या चमच्यावर आणली. रोज सहा चमचे, म्हणजे तीस ग्रॅम साखर वाचली, त्याच्या 120 कॅलरी. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत होते. ते साडेतीनवर आणले. माणशी रोजच्या शंभर कॅलरी त्यात गेल्या, आणि घरात कोणाच्या लक्षातही आले नाही, असे त्या म्हणतात. त्यांच्या यजमानांचे मत वेगळे आहे.

मग व्यायाम तरी कशाला, असे एक चतुर वाचक नक्की विचारणार. कारण ताट वजन उतरवते, पण पोटातली ती वाईट चरबी व्यायामाने कमी होते. काही वेळा काट्यावर वजन हलले नाही तरी ती घटते. स्नायू साखर ओढून घेऊ लागतात, जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या सावकाश पावलांनीही जेवणानंतरची साखर कमी चढते, आणि उतरलेले वजन परत चढू नये यासाठी तर व्यायामासारखा राखणदार नाही.

सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना कोणी भेटावे? हृदयविकार होऊन गेलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि भाऊ-वडिलांना तरुणपणी झटका आलेल्यांनी, गर्भवतींनी. रक्तदाब 180 आणि 110 च्या वर असेल तर आधी औषध, मग व्यायाम. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जोराचा व्यायाम करू नये आणि साखरेची पुडी जवळ ठेवावी. हातपाय थरथरले, दरदरून घाम फुटला, डोके सुन्न झाले तर तीन-चार चमचे साखर ताबडतोब तोंडात टाकावी. आणि व्यायाम करताना छातीत दडपले, दुखणे जबड्याकडे किंवा हाताकडे गेले, भोवळ आली, तर 'गॅस असेल' म्हणून ओवा चावत बसू नका. तिथेच थांबा आणि इस्पितळ गाठा.

बाई गेल्या आठवड्यात आल्या होत्या. लेझीम सुरू करून सहा महिने झाले. मधे परीक्षांच्या काळात तीन आठवडे सगळे बंद पडले होते, ते त्यांनी आपण होऊन सांगितले. वजन 68 वरून 64. घेर 94 वरून 87. उपाशीपोटीची साखर 99. घेर 80 पर्यंत यायला अजून बराच पल्ला आहे, हे मी त्यांना सांगितले आणि त्यांनाही ते माहीत आहे. गुडघा ठीक आहे. खालच्या बिऱ्हाडाने झांजांच्या आवाजाची तक्रार केली, तेव्हा त्यांनी लेझमीच्या चकत्यांना जुन्या ओढणीच्या चिंध्या बांधल्या. सासूबाईंचे वय 74. त्या समोर खुर्चीत बसून ठेका धरतात, आणि आता दोन्ही पावले उचलू लागल्या आहेत. त्यांचा रक्तदाब तपासायला मी त्यांना या सोमवारी बोलावले आहे.